परत न ठेवता

सलग तिसऱ्या वर्षी बिस्किटांच्या डब्यातून मास्तरांचीच चिठ्ठी निघाली, तेव्हा गच्चीवर जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या अगदी मनापासूनच्या होत्या. पाहुणे आपल्या दारावरून पुढे जाऊन शेजाऱ्याची कडी वाजवतात, तेव्हा माणसाला जो निर्मळ आनंद होतो, तो त्या टाळ्यांत होता.

मास्तर जागचे हलले नाहीत. ते कॉलेजात गणित शिकवत, आणि गणिताच्या माणसाला दुःख आधी आकड्यात होतं, मग मनात.

"तेराशे एकतीस," ते म्हणाले.

"काय तेराशे एकतीस?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"तेराशे एकतीसात एक. अकरा चिठ्ठ्या, तीन वर्षं, आणि तिन्ही वेळा मी. अकरा गुणिले अकरा गुणिले अकरा. असं होण्याची संभाव्यता एवढी कमी आहे."

"म्हणजे बघा, किती दुर्मीळ माणूस आपल्याला लाभलाय," विमावाले म्हणाले, आणि टाळ्यांची दुसरी फेरी झाली.

त्या इमारतीत सेक्रेटरी व्हायला कोणी राजी नसे. सेक्रेटरी म्हणजे पंप, टाकी, लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि या सगळ्यांच्या किल्ल्यांचा एक जुडगा, जो खिशात ठेवला तर पँट घसरे आणि हातात धरला तर माणूस जेलर दिसे. म्हणून मंडळींनी चिठ्ठ्यांचा मार्ग काढला होता. बिऱ्हाडं बारा, चिठ्ठ्या अकरा. बारावं बिऱ्हाड तळमजल्यावरच्या आजींचं. आजींना डोळ्यांनी बेताचंच दिसे, त्यामुळे त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. चिठ्ठी काढायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि काढणाऱ्या हाताचीच चिठ्ठी डब्यात कशाला, म्हणून त्यांना वगळलेलं होतं. पहिल्या वर्षी ज्याने त्याने आपापली चिठ्ठी करून आणली. कोणी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीचं शेपूट कापलं. मास्तरांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरचा पुठ्ठा घेऊन, पट्टीने आखून, सुवाच्य अक्षरात नाव लिहून, चारी कोपरे काटकोनात कापून चिठ्ठी केली होती. निघालेली चिठ्ठी वाचून झाली की पुन्हा डब्यात जाई आणि डबा आजींच्या कपाटात.

मास्तरांना सेक्रेटरीपणाचा त्रास होता तो कामाचा नव्हता, अवेळीपणाचा होता. दाढीचा साबण लावून ते उभे असत आणि दारात कोणीतरी पेला घेऊन येई. "सर, पाणी पिवळं वाटतं का बघा." मास्तर अर्ध्या दाढीने पेला उजेडात धरत. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा आत दातांचे डॉक्टर होते; ते फटीतून मास्तरांना म्हणाले होते, "घाबरू नका, तोंड उघडं ठेवा." सवयीने म्हणाले, पण मास्तरांनी खरंच उघडं ठेवलं होतं.

आणि या सगळ्यात बायकोचा समुद्र राहून गेला होता. त्यांच्या बायकोने समुद्र पाहिला नव्हता. लग्न झालं तेव्हा पुढच्या सुट्टीत जाऊ असं ठरलं होतं. मग मुली झाल्या, त्यांच्या परीक्षा झाल्या, त्यांची लग्नं झाली, आणि आता कुठे नवरा-बायको मोकळे होतात तोच पंप आला. पंप एक दिवसही सोडून जाण्यासारखा नव्हता. पहिल्या वर्षी बायको काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी मास्तरांनीच तिची समजूत घातली होती. "हे बघ, डब्याला स्मरणशक्ती नसते. गेल्या वर्षी कोण निघालं ते डब्याला ठाऊक नाही."

"डब्याला नसेल," ती म्हणाली होती, "मला आहे."

या वर्षी तिने काही ऐकून घेण्याच्या आधीच तिकिटं काढली होती. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. गच्चीवर निघताना तिने एवढंच सांगितलं होतं, "तुमचं नाव निघालं तर मी एकटी जाईन. समुद्राला सांगेन, हे पंपावर आहेत."

म्हणून मास्तर आज उठले नाहीत. टाळ्या संपल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि ज्या आवाजात ते मागच्या बाकावरच्यांनाही जागं करत, त्या आवाजात म्हणाले, "ही पद्धतच चुकीची आहे. आपण चिठ्ठी परत ठेवतो."

"आधीची दोन वर्षं होऊन गेली, सर," तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले. "त्यांचा आता संबंध नाही. आजच्यापुरती तुमची शक्यता सगळ्यांइतकीच होती. अकरात एक."

हे बरोबर होतं. हे मास्तर स्वतः वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते. आपलंच खोटं नाणं फिरून आपल्याच हातात यावं तसा त्यांचा चेहरा झाला. फरक इतकाच की नाणं खरं होतं.

"तेच तर म्हणतोय," ते म्हणाले. "परत ठेवली की दरवर्षी अकरात एक. जन्मभर अकरात एक. कोणीच कधी सुटत नाही. पण निघालेली चिठ्ठी परत ठेवलीच नाही, तर ज्याची पाळी झाली तो मोकळा. पुस्तकात दोन्ही प्रकार आहेत. एक परत ठेवून, एक परत न ठेवता."

"पण मग तुम्ही मोकळे झालात की आमची दहात एक होणार," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे तुमच्यामुळे आमची वाढली."

"वाढली, पण एकदाच. एकदा झालं की शून्य."

"शून्य म्हणजे अगदी शून्य? का आपलं डॉक्टर म्हणतात, दुखणार नाही, तसं?" विमावाल्यांनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अगदी शून्य. अशक्य घटना."

यावर वकील एकदम उभे राहिले आणि म्हणाले की सरांची सूचना अत्यंत न्याय्य आहे, तिला त्यांचा बिनशर्त पाठिंबा आहे, आणि ठराव ते स्वतः लिहून देतील. वकील एखाद्या गोष्टीला बिनशर्त पाठिंबा देतात, तेव्हा शहाण्या माणसाने आपल्या वस्तू मोजून घ्याव्यात. मास्तरांनी मात्र पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणालातरी संभाव्यतेचं प्रकरण पटलं होतं.

ठराव एका ओळीचा झाला: 'एकदा निघालेली चिठ्ठी कोणत्याही कारणाने परत डब्यात ठेवू नये.' 'कोणत्याही कारणाने' हे शब्द वकिलांनी आग्रहाने घातले. 'परत' म्हणजे मागे की पुन्हा, यावर डॉक्टरांनी बराच वेळ काथ्याकूट केला. शेवटी मागेही नाही आणि पुन्हाही नाही, असं ठरलं. मास्तरांची पुठ्ठ्याची चिठ्ठी समारंभपूर्वक फाडण्यात आली. ती सहजी फाटेना, वाकवावी लागली.

आजींनी डब्यात पुन्हा हात घातला. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. शेवटी वर्तमानपत्राचा एक कपटा निघाला.

वकिलांचं नाव होतं.

वकिलांनी हात जोडले, सर्वांचे आभार मानले, ही जबाबदारी म्हणजे आपला बहुमान आहे असं सांगितलं आणि त्याच श्वासात राजीनामा दिला.

"असं कसं?" मास्तर म्हणाले.

"प्रकृती," वकील म्हणाले. त्यांची प्रकृती त्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी होती.

"मग पुन्हा टाका यांची चिठ्ठी डब्यात," कोणीतरी म्हणालं.

"नाही टाकता येणार. कोणत्याही कारणाने," वकील म्हणाले, आणि मास्तरांकडे कौतुकाने पाहिलं. "सरांचाच ठराव आहे."

मास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा वकिलांपुढे ठेवला होता. वकिलांनी त्याला हात न लावता पेनाच्या टोकाने तो मास्तरांच्या बाजूला सरकवला, जसा माणूस हॉटेलात दुसऱ्याकडे बिल सरकवतो. "नवीन माणूस येईपर्यंत असू द्या तुमच्याकडेच. तुम्हाला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गच्ची, पुन्हा डबा. नऊ चिठ्ठ्यांतून डॉक्टरांची निघाली. ते म्हणाले की सेक्रेटरीला ओरडावं लागतं आणि ओरडणाऱ्या माणसापुढे कोणी तोंड उघडत नाही, त्यामुळे त्यांचा धंदा बसेल. राजीनामा. जुडगा मास्तरांकडे.

आता मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. जो निघेल तो सुटेल. एका रात्रीत इमारतीतला वाराच फिरला. काल ज्यांना चिठ्ठी निघण्याची धास्ती होती, त्यांना आज ती न निघण्याची धास्ती बसली. कारण सगळे सुटत गेले की शेवटी जो उरेल, त्याच्या गळ्यात पंप पडेल, हे कोणाला शिकवावं लागलं नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्याजवळ, जिथे मास्तर सापडतील तिथे लोक गणित विचारू लागले. वर्गात ज्या विषयाला पोरं जांभया देत, तो विषय आता दूध घ्यायला दार उघडलं तरी उंबऱ्यावर उभा असे.

"सर, माझी आज निघायची शक्यता किती?" विमावाल्यांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"आठात एक."

"आणि उद्या?"

"आज नाही निघाली तर उद्या सातात एक."

"म्हणजे उद्या जास्त चांगली. मग मी उद्याच निघतो."

"तसं नाही. आज इथे उभं राहून विचाराल तर उद्याचीही आठात एकच. आज न निघण्याची आठात सात, आणि मग सातात एक. गुणाकार केला की सात कापले जातात."

विमावाल्यांनी थोडा विचार केला. "एकदा सात म्हणता, एकदा आठ म्हणता, मग सात कापता. आमच्या धंद्यात असं बोललो तर गिऱ्हाईक पोलिसात जाईल."

आजींचे मात्र दिवस पालटले. आयुष्यात त्यांना कोणी विचारलं नसेल इतकं लोक त्यांना विचारू लागले. फळं आली. विमावाल्यांकडून मऊ उशी आली. डॉक्टर स्वतः सुटलेले असूनही चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मेव्हण्यासाठी आजींची कवळी फुकट घासून देऊन गेले. विमावाल्यांनी जाता जाता हळूच विचारलं, "आजी, माझी चिठ्ठी जरा खरखरीत आहे, हाताला लागते का?"

"खरखरीत तर सगळ्याच आहेत," आजी म्हणाल्या. "तुमची माणसंच तशी."

रोजचा एक राजीनामा पुरेना, तेव्हा सकाळ-संध्याकाळ अशा दोन बैठका सुरू झाल्या. कारणांना नुसता ऊत आला होता. एकाला उंचीची भीती होती आणि टाकी उंचावर होती. एकाला पाण्याची होती. एका गृहस्थांनी सांगितलं की ते तत्त्वतः कोणत्याही पदाच्या विरुद्ध आहेत. त्यांचं ऑफिसात प्रमोशन झालं तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले होते. डॉक्टरांचा मेव्हणा नाव निघाल्याबरोबर इतका हरखला, की राजीनामा द्यायचं विसरून घरी गेला आणि धावत परत आला. दर वेळी जुडगा पुढे केला जाई आणि दर वेळी तो मास्तरांच्या मांडीवर येऊन बसे. चिठ्ठ्या परत जात नव्हत्या. किल्ल्या परत येत होत्या. एकाच इमारतीत, एकाच वेळी, दोन्ही प्रकार चालू होते, आणि पाठ्यपुस्तकाला याची काही कल्पना नव्हती.

शनिवारी संध्याकाळी डब्यात एकच चिठ्ठी उरली. रविवारी सकाळची गाडी होती. चिठ्ठी विमावाल्यांची होती, हे आजींनी हात घालायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांच्या जिवात जीव आला. एका चिठ्ठीतून एक. संभाव्यता एक. इथे कोणाचं काही चालणार नव्हतं.

विमावाले उभे राहिले. "माझी हरकत आहे. चिठ्ठी काढणं म्हणजे अनेकांतून एक काढणं. इथे एकच आहे. याला काढणं म्हणत नाहीत, उचलणं म्हणतात. आणि निश्चित घटनेचा आमच्याकडे विमासुद्धा उतरत नाही."

"मुद्दा विचार करण्यासारखा आहे," वकील म्हणाले.

"विचार करायची गरज नाही, तुमचंच नाव आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, आणि तो चढल्याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. "कोणी ना कोणी तर घ्या या किल्ल्या."

"ठीक आहे. काढली असं समजा," विमावाले म्हणाले. "आणि राजीनामाही दिला असं समजा."

आजींनी डबा पालथा केला. आतून बिस्किटाचा चुरा पडला.

"मग आता सेक्रेटरी कोण?" डॉक्टरांनी विचारलं, आणि सगळे वकिलांकडे बघू लागले.

वकिलांनी डोळे मिटले. "कायदा स्पष्ट आहे. नवा माणूस चार्ज घेत नाही, तोवर जुना माणूसच सेक्रेटरी. चार्ज म्हणजे किल्ल्या. आमच्यापैकी कोणी किल्ल्यांना हात लावलेला नाही. मी तर फक्त सरकवल्या. तेव्हा सर, तुमचा कार्यकाळ संपलेलाच नाही. अभिनंदन."

टाळ्या वाजल्या. या वेळी त्यात नुसता आनंद नव्हता, थोडी भक्तीही होती.

मास्तर जुडगा घेऊन खाली आले. दारातच बॅग होती. बायको चपला घालून खुर्चीवर बसली होती, गाडी सकाळी असूनही.

"तुमची चिठ्ठी तर फाडली ना?"

"फाडली."

"सगळ्यांच्या संपल्या ना?"

"संपल्या."

"मग?"

"निश्चित घटना," मास्तर म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. "तू जा. मी पुढच्या..." ते वाक्य त्यांना पुरं करवेना. लग्नापासून ते पुष्कळदा पुरं झालं होतं.

बायकोने त्यांच्या हातातला जुडगा घेतला. "डबा कुठे आहे?"

"वरच राहिला. रिकामा."

ती वर गेली. डबा घेऊन खाली आली, त्यात जुडगा टाकला, झाकण लावलं आणि डबा तळमजल्यावर सूचनाफलकाखालच्या स्टुलावर ठेवला. मास्तर मागे मागे आले होते.

"अगं, असं नाही करता येत. कोण घेईल?"

"ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकवता ना? डब्यात काय आहे?"

"जुडगा."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"मग डब्यातून काय निघेल?"

"जुडगाच निघेल," मास्तर म्हणाले. "संभाव्यता एक."

"झालं तर. कोणाच्या हातून, ते आपल्या अभ्यासक्रमात नाही. चला, झोपा, सकाळी लवकर उठायचंय."

समुद्रावर पहिल्या दिवशी फोन सारखा वाजत होता. बायको गुडघाभर पाण्यात, एका हाताने पातळ सावरत, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून प्रत्येकाला एकच सांगत होती. "डब्यात बघा." वकिलांनाही तेच, डॉक्टरांनाही तेच. विमावाल्यांनी विचारलं की हात घातला म्हणजे चार्ज घेतला असं होईल का. ती म्हणाली, "ते वकिलांना विचारा, पण त्यांच्याकडे पाणी आहे का ते आधी बघा." दुसऱ्या दिवशी फोन कमी झाले. तिसऱ्या दिवशी थांबलेच. मास्तरांना वाजण्याचा त्रास झाला नव्हता एवढा न वाजण्याचा झाला. ते वाळूत बसून बोटाने अपूर्णांक काढत आणि लाटा येऊन पुसत. बायको लाटांकडे बघत बसे. एकदा म्हणाली, "ही परत येते की दुसरीच असते हो?" आयुष्यात पहिल्यांदाच या विषयात तिने शंका विचारली होती, आणि मास्तर अपूर्णांक अर्धा सोडून लाटा मोजू लागले.

आठवड्याने ते परतले, तेव्हा जिन्यातले दिवे चालू होते. सगळे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये नव्हती. तळमजल्यावर पंपाच्या दाराशी खुर्ची टाकून आजी बसल्या होत्या, विमावाल्यांच्या मऊ उशीवर, आणि जुडगा त्यांच्या कमरेला होता. त्यांच्यापुढे वकील, डॉक्टर आणि विमावाले हातात बादल्या घेऊन रांगेत उभे होते.

"आधी राजीनामा मागे घेतला म्हणा, मग वर पाणी सोडते," आजी वकिलांना सांगत होत्या. "प्रकृती बरी आहे ना आता?"

"बरी आहे, आजी," वकील म्हणाले.

मास्तरांनी बॅग खाली ठेवली. "आजी, तुम्ही?"

"मग कोण? सगळे डब्याभोवती उभे. झाकण उघडायचे, आत बघायचे, पुन्हा लावायचे. पंप माझ्या खिडकीखाली, टाकी कोरडी पडली की त्याचा कोकलणारा आवाज मलाच ऐकू येतो. डब्यात हात घालायची सवय तर माझीच. घातला." त्या जरा पुढे झुकल्या. "आणि तुझी मला काळजी वाटत होती. एवढी हौस होती तुला या कामाची."

"मला? हौस?"

"नाहीतर काय. बाकीच्यांनी कागदाचे कपटे टाकले आणि तू केवढी जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी केलेली. हात घातला की पहिली तीच लागायची. मला वाटलं, मास्तरला आवडीने व्हायचंय तर होऊ दे. तीन वर्षं बिचारा मनापासून करतोय."

तेराशे एकतीस ही संख्या मास्तरांच्या डोळ्यांसमोर हळूहळू लहान होत गेली आणि शेवटी एकावर येऊन थांबली. रांगेतले तिघे बादल्यांत बघू लागले. डॉक्टरांचं तोंड उघडं होतं. मास्तरांनी केवळ सवयीने हात पुढे केला. "ते झालं, आजी. पण आता मी आलोय, तर किल्ल्या..."

आजींनी जुडग्यावर हात ठेवला.

"परत नाही," त्या म्हणाल्या. "कोणत्याही कारणाने."

मास्तर बॅग घेऊन जिना चढले. सुटल्याचा आनंद त्यांना झाला, आणि आपल्यावाचून दिवे लागतात हे कळल्याने त्या आनंदाचा एक टवका उडाला. घरी बायकोने ती रिकामी न करताच पलंगाखाली सरकवली.

सुट्टी संपल्यावर त्यांनी चाचणी परीक्षेचा पेपर काढला. पाचवा प्रश्न दरवर्षीचाच होता: एका डब्यात सारख्या आकाराच्या अकरा चिठ्ठ्या आहेत. एक चिठ्ठी काढली व परत न ठेवता दुसरी काढली, तर ठरावीक चिठ्ठी दुसऱ्या वेळी निघण्याची संभाव्यता काढा. एवढं लिहून ते थांबले आणि मग त्यांनी खाली आणखी एक ओळ जोडली:

सर्व चिठ्ठ्या एकाच जाडीच्या आहेत व काढणाऱ्या व्यक्तीचा कोणाविषयी गैरसमज नाही, असे समजा.